कडुबा, ती कडी मी लावली होती

कडुबा, तुझ्या दहाव्याला मी आलो होतो. घाटाच्या पायऱ्यांवर बसलो नाही. वर लिंबाखाली, लोकांनी चपला काढल्या होत्या तिथं टेकलो, म्हणजे उठून जायला बरं. तुझ्या परतूरकडच्या शाळेतला एक मास्तर बोलायला उभा राहिला. तुझ्या अक्षराबद्दल बोलला. पहिलीच्या पोरांचा हात धरून तू कसा ‘अ’ काढून घ्यायचास ते हातवारे करून सांगितलं. आणि चांगलं बोलायच्या भरात म्हणाला, “भोकरदनकडं असताना गुरुजींच्या हातून एक पोरगी खोलीत कोंडली गेल्ती. पण माणसानं चूक कबूल केली. आजकाल कोण करतं?” लोकांनी माना हलवल्या. तुझा संतोष मुंडन केलेलं डोकं खाली घालून बसला होता. तो हळूच म्हणाला, “बापानं कधी लपवलं न्हाई ते.”

मी चपला शोधल्या आणि निघालो. एक चप्पल दुसऱ्याच कुणाची होती, हे एस.टी.त बसल्यावर कळलं. मागून कुणी हाक मारील म्हणून मी मान वळवली नव्हती. मारली असती तरी जेवून जा म्हणायलाच मारली असती, हे मला कळत होतं. तरी घाबरलो.

मी भित्रा आहे, कडुबा. तुला ठाऊक होतंच. पण किती, ते तुलाही ठाऊक नव्हतं. म्हणून हे लिहितोय. ज्यांनी तुझ्याबद्दल ते ऐकलंय त्या सगळ्यांनी वाचावं, म्हणून लिहितोय.

आपण दोघं त्या दोनशिक्षकी शाळेत होतो तेव्हा तू मला चारचौघांत ‘सर’ म्हणायचास आणि खोलीवर आलो की ‘अण्णा’. केदारखेड्याच्या अलीकडचं ते गाव. शाळा माळवदाची, पावसाळ्यात मातीचे थेंब पोरांच्या पाट्यांवर पडायचे. तिसरी-चौथी माझ्याकडं, पहिली-दुसरी तुझ्याकडं. तुझ्या वर्गात आवाज फार. विरामचिन्हं शिकवायला तू पोरांना पटांगणात काढायचास. एकानं वाक्य मोठ्यानं म्हणत चालायचं, स्वल्पविराम आला की एक पाय उचलून धरायचा, पूर्णविराम आला की दोन्ही पाय जुळवून थांबायचं. प्रश्नचिन्हाला मान वाकडी. गावातली माणसं पारावरून बघायची आणि हसायची. “मास्तर, पोरं शिकवून राह्यले का तमाशा बसवून राह्यले?” तू म्हणायचास, “या की, तुम्हीबी चाला. तुमच्या बोलण्यात तर पूर्णविरामच न्हाई.”

मला ते पसंत नव्हतं. मी लाल शाईचा माणूस. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावायचो. तू पहिली-दुसरीच्या पाटीवर कधी फुली मारली नाहीस. पोरं जशी बोलायची तशीच लिहायची, ‘न्हाई’, ‘गेल्ती’, ‘व्हतं’, आणि तू त्याला ‘बराबर’ म्हणायचास. खोलीवर पिठलं ढवळता ढवळता आपलं भांडण व्हायचं.

“आधी लिहू तर द्या, अण्णा. ऱ्हस्व-दीर्घ मंग बघू. हात भ्याला की तो कायमचा भेतो.”

“आणि परीक्षेत मार्क कोण देणार? तू?”

“तुमचं सोताचं अक्षर बघा आधी. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं. औषधाच्या दुकानात दाखवलं तर गोळ्या देतील.”

ते भांडण कधी मिटलं नाही. मला अजूनही वाटतं की तू ऱ्हस्व-दीर्घाला फार ढील देत होतास. पण हाताच्या भीतीबद्दल तू म्हणालास ते खरं होतं. ते मी पुढं अगदी जवळून पाहिलं.

त्या काळी आपल्या बीटातल्या, म्हणजे एकाच साहेबाच्या हाताखालच्या, सगळ्याच शाळा एक गोष्ट करायच्या. उघड कुणी बोलत नसे. तपासणीला साहेब येणार असले की कच्ची पोरं त्या दिवशी घरी ठेवायची. आदल्या दिवशी नुसतं म्हणायचं, “उद्या रानात जा रे तुम्ही.” पोरं खूश, घरी कामाला हात मिळाला म्हणून आई-बाप खूश, आणि साहेबांपुढं फक्त ज्यांना येतं ती पोरं. तू पहिल्यापासून याच्या विरोधात होतास. “ज्याला येत न्हाई त्यालाच साहेबाला दाखवा की, अण्णा. येतंय त्या पोराला बघून साहेब काय करणार, मुका घेणार त्याचा?” मी मुख्याध्यापक होतो. मी तुझं ऐकलं नाही.

मंगल दुसरीत होती. गयाबाईचं शेंडेफळ. तिचा ‘क’ उलटा पडायचा, वेलांटी कुठल्या बाजूला द्यायची हे तिला कळायचं नाही, पाटी पुसून पुसून तिची बाही पांढरी झालेली असायची. तू तिला धुळीत बोटानं अक्षरं काढायला लावायचास. मी तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं, उद्या येऊ नको.

ती आली. धुतलेला झगा, तेल चोपडलेले केस, छातीशी पाटी. “घराला कुलूप हाय, गुरुजी. माय-बाप वेचणीला गेले.” कापसाचे दिवस होते, अख्खं गाव रानात होतं. तेवढ्यात ओढ्याकडून जीपचा आवाज आला. तू आत फळ्यावर सुविचार लिहीत होतास, तुझी पाठ होती. मी मंगलला दंडाला धरलं आणि सामानाच्या खोलीत नेलं, जिथं नकाशे, मोडके बाक, तरटपट्ट्या आणि गॅसबत्ती असायची. खोलीला खिडकी नव्हती. मी तिला म्हणालो, “मी उघडेपर्यंत हू की चू करायचं नाही. आवाज काढलास तर साहेब घेऊन जाईल.” आणि बाहेरून कडी लावली.

कडुबा, हे मी केलं. मुद्दाम केलं, आणि मीच केलं.

तपासणी फार चांगली झाली. साहेबांनी श्रुतलेखन घेतलं. तुझ्या वर्गातल्या पोरांनी पूर्णविरामाला बाकाखाली पाय जुळवले, ते बघून साहेब हसले आणि शाबासकी मला दिली. मग सरपंचांकडं जेवण. शाळेला अर्धी सुट्टी दिली. जेवण झाल्यावर कागदपत्रांसाठी साहेबांनी मला जीपमध्ये घालून भोकरदनला नेलं. मी पुढच्या सीटवर बसलो होतो. मला फार बरं वाटत होतं. मी मंगलला विसरलो होतो.

दिवस कलताना एस.टी.तून फाट्यावर उतरलो तर माणसं विहिरीकडं पळताना दिसली. गयाबाईची पोरगी सापडत नव्हती. वेचणीहून परत आल्यापासून गयाबाईनं गाव पालथं घातलं होतं. मी पोचलो तेव्हा विहिरीत गळ सोडले होते. गळ कुठं अडकला की वरचा माणूस “थांबा” म्हणायचा, आणि गयाबाई किंचाळायची. वर यायचं एखादं झुडूप, एखादं फाटकं पोतं. पुन्हा गळ खाली.

मला तिथंच आठवलं, विहिरीच्या काठावर.

आणि मी बोललो नाही. तुला माहीत नसलेली गोष्ट ही आहे. तू आयुष्यभर समजत राहिलास की तू दार उघडलंस तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. तसं नव्हतं. मला माहीत होतं की पोरगी पाण्यात नाही, आणि तिची आई माझ्यापासून हातभर अंतरावर पाण्यात बघत होती. पहिली भीती लोकांची होती. पण तिच्याखाली आणखी एक भीती होती: सकाळपासून त्या कोंदट खोलीत, अंधारात, विंचू-काट्यात ती पोरगी जिवंत असेल का? मी सांगावं आणि लोकांनी दार उघडावं आणि... त्यापुढं मला जाता येईना. तो वेळ किती होता ते मी कधी मोजलं नाही. मोजायची हिंमत झाली नाही. मी गर्दीतून मागं सरकलो. गुपचूप कडी काढावी, पोरगी झोपली होती असं म्हणावं, असं काहीतरी डोक्यात होतं.

पण तू माझ्याआधी पोचला होतास. अंधार पडत होता म्हणून तू गॅसबत्ती घ्यायला आला होतास. मी पटांगणात होतो तेव्हा तुझी हाक ऐकली. ती हाक नव्हतीच, गुदमरल्यासारखं काहीतरी होतं.

ती नकाशांच्या गुंडाळ्यांमागं बसली होती. डोळे टक्क उघडे. झगा ओला झालेला. मांडीवर पाटी. कडुबा, तिची माय शाळेवरून टाहो फोडत गेली होती. पोरांनी त्याच पटांगणात उभं राहून तिच्या नावानं हाका मारल्या होत्या. तिनं ओ दिली नव्हती. मी सांगितलं होतं ना तिला.

मग गाव आलं. “कोणी कोंडली?” शाळा रोज तूच बंद करायचास, कड्या तूच लावायचास, त्यामुळं नजरा तुझ्याकडं गेल्या. तू माझ्याकडं पाहिलंस. तू ओळखलं होतंस. मी मान खाली घातली. आणि तू म्हणालास, “माझ्याकडून कडी लागली. आत बघितलं न्हाई.” गयाबाईनं पायातली चप्पल काढली आणि तुझ्या तोंडावर मारली. तू हात वर केला नाहीस. मी तुझ्या शेजारी उभा होतो.

खोलीवर आल्यावर तू चूल पेटवली नाहीस. गालावर वळ होता. म्हणालास, “मुद्दाम कोंडली म्हणलं असतं तर शाळा पेटवली असती त्यांनी, अण्णा. चुकून म्हणलं की चार शिव्यांत भागतं. लोक शांत झाले की तुम्हीच सांगा.” मी म्हणालो, “सांगतो.” तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

लोक शांत झाले. मी सांगितलं नाही. तुझी वेतनवाढ रोखली, बदली परतूरच्या त्या टोकाला झाली. निघताना तू वळकटी खांद्यावर घेऊन म्हणालास, “मंगल बोलंना झाली. बोलंल सावकाश. पण तिचा हात चालू ठेवा, अण्णा. तिला लिहायला शिकवा. एवढंच करा.”

आता पुढचं लिहितोय, तर पेन थांबतंय.

मंगल पुढच्या वर्षी माझ्या वर्गात आली. पहिल्या ओळीत बसायची. बोलायची नाही, नुसती माझ्याकडं बघायची. फळ्याकडं तोंड केलं तरी तिची नजर मानेवर जाणवायची. तुझ्या धुळपाटीमुळं तिचा ‘क’ सुलटा झाला होता. आता तिला शब्द येतील, शब्दाला शब्द जोडता येतील. कर्ता, कर्म, क्रियापद मी दुसऱ्या पोरांना फळ्यावर समजावत असायचो आणि मला एकच वाक्य दिसायचं: गुरुजींनी मला कोंडलं. उद्या ही पाटीवर तेवढंच लिहील, घरी नेईल, कुणीतरी वाचेल. रात्री जेवण जायचं नाही. एक मास्तर सात-आठ वर्षांच्या पोरीला लिहिता येईल म्हणून भीत होता, कडुबा.

मी तिला मारलं नाही. ओरडलोही नाही. फक्त शिकवलं नाही. ती पाटी पुढं करायची, मी शेजारच्या पोराची घ्यायचो. श्रुतलेखनाला तिला पाण्याची घागर भरायला पाठवायचो. तिचा हात सैल पडत गेला, ‘क’ पुन्हा उलटा झाला. चौथीनंतर तिला पास करून दाखला दिला आणि ती वेचणीला जायला लागली. त्या दिवशी मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आजही सोडत नाही.

आणि तू? जालन्याला पगाराच्या कामाला आलो की आपण भेटायचो. नंतर मी तुझ्या घरी यायला लागलो. वहिनी बाजरीची भाकरी, ठेचा वाढायच्या. तू मागचं काही काढायचा नाहीस. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडायचास, माझ्या अक्षराची टर उडवायचास. फक्त निघताना दारात विचारायचास, “मंगल लिहिती का आता?” आणि मी म्हणायचो, “अरे, मोत्यासारखं अक्षर झालंय तिचं.” तू मान डोलवायचास. मला वाटायचं, समाधानानं.

दहाव्याहून पळून आलो ती रात्र मी बसून काढली. माझ्या घरात मी कुठलीच कडी लावत नाही, न्हाणीचीसुद्धा नाही. सून चिडते. तेराव्याला पुन्हा तुझ्या गावी गेलो. जेवणं उरकल्यावर संतोषला गोठ्याकडं बोलावलं आणि सांगितलं. विहिरीचंही सांगितलं. तो चिडेल, अंगावर येईल, या भीतीनं मी गव्हाणीला धरून उभा होतो. त्यानं विस्कटलेली वैरण गव्हाणीत सारली. मग म्हणाला, “काका, तुम्ही आमच्या घरी जेवत व्हते. मायच्या हातचं.” एवढंच. मग घरात जाऊन गाडीची किल्ली घेऊन आला. “बसा.”

“कुठं?”

“त्या बाईकडं. मला ऐकायचंय तिच्यासमोर.”

या वयात मोटारसायकलवर मागं बसून इतकं लांब. मी त्याच्या पाठीला धरून होतो, तुझ्या पोराच्या पाठीला. जालन्यात स्टेशनजवळ तो चहाला थांबला. मला विचारलं नाही, पण कप आणून हातात दिला. पुढं गाव जवळ आलं तसं मी देवाजवळ मागत होतो की गाडी पंक्चर होवो.

मंगल गावातच दिलेली. अंगणात तुरी पाखडत होती. मला बघून सूप थांबलं. “गुरुजी! लई म्हातारे झाले की.” आवाज मोकळा, ठणठणीत. त्या दिवसानंतर मी तिचा आवाज ऐकलाच नव्हता. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मधेच तुरीतला खडा काढून टाकत होती.

“खोलीचं मला तेवढं आठवत न्हाई,” ती म्हणाली. “पाटीचं आठवतं. मी रोज पुढं करायचे. तुम्ही शेजारच्याची घ्यायचे, माझी न्हाई. मला वाटायचं, माझ्या पाटीला वास येतो का काय.”

संतोष खाली बघत होता. मी विचारलं, “मग कुणाला सांगितलं का नाहीस?”

“कोणी इचारलं? कडुबा गुरुजीला म्या सांगणार व्हते, ते माझ्या लग्नात आल्ते तवा. ते म्हणले, नाव लिहून दाखव बरं. म्या ‘मं’ काढला, फुडं येईना. त्यांनी माझा हात धरून पुरं केलं. मंग म्हणले, राहू दे, मला समजलं.”

तिच्या लग्नाला किती वर्षं झाली, कडुबा! त्यानंतरही तू दारात उभा राहून मला विचारत राहिलास, मंगल लिहिती का. तुला उत्तर माहीत होतं. तू दर वेळी मला एक दार उघडून देत होतास आणि मी मोत्यासारखं अक्षर सांगून ते लोटत होतो. तुझ्या त्या मान डोलवण्याची मला आता जितकी भीती वाटते तितकी गयाबाईच्या चपलेचीही वाटली नव्हती.

मी मंगलपुढं हात जोडले. ती मागं सरकली. “माझ्या पाया नका पडू. सांगायचं तर मायला सांगा. ती अजून कडुबा गुरुजीच्या नावानं बोटं मोडती. पण मोठ्यानं बोला, तिला ऐकू येत न्हाई.”

गयाबाई तिथंच पुढच्या ओट्यावर बसली होती. मी जवळ जाऊन, खाली वाकून, हळू आवाजात म्हणालो, “गयाबाई, मंगलला मी कोंडलं होतं.”

“आँ?”

मी पुन्हा म्हणालो.

“कोन आलंय गं मंगल? काय म्हनतो ह्यो? मोठ्यानं बोल की बाबा, खायला न्हाई का भेटलं?”

मग मी ओरडलो. त्या आळीत, भर वस्तीत. “तुमच्या पोरीला मी कोंडलं! कडुबानं नाही! मी!” समोरच्या दारातून एक बाई बाहेर आली, तिच्यामागं माणसं. विहिरीत गळ सोडणाऱ्यांपैकी एक जण त्यांत होता, मी त्याला ओळखलं. संतोषनं मागून माझा दंड धरला. गयाबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ती चप्पल काढील, आणि काढावी असंही वाटलं.

तिनं काढली नाही. तिचे ओठ हलत राहिले. मग म्हणाली, “त्या मास्तरच्या तोंडात म्या पायतान मारलं व्हतं.” आणि इकडंतिकडं बघायला लागली, जणू तू तिथंच कुठं दाराआड उभा असशील. “कुठंय तो? त्याला घेऊन या. म्या त्याच्या पाया पडते. आत्ता घेऊन या.”

मंगलनं तोंडाला पदर लावला. संतोषनं माझा दंड सोडला आणि तो भिंतीकडं वळला.

“तो गेला, गयाबाई,” मी म्हणालो.

“आँ?”

सगळी आळी ऐकत होती. तेही मला ओरडून सांगावं लागलं.